भांडणं ऐकणारा टायर

मी एक जुना टायर आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकाचा. मित्रांनो, नाक मुरडू नका. माझ्यासारख्या टायरावर तुमच्यापैकी कितीजणांनी दगड मारले आणि कितीजण आडोसा बघून त्यात काय करून गेले, ते मला पक्कं ठाऊक आहे. तुम्हाला आवडावं म्हणून मी बोलत नाही. मला स्वतःलाच माणसं फारशी आवडत नाहीत. त्याचं कारण तेवढं ऐकून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं फक्त भाजल्याचं आठवतं. मग अकोल्याच्या दुकानात बरेच दिवस उभा होतो. तिथून महादेवरावांनी मला विकत घेतलं आणि बाळापूर तालुक्यातल्या आपल्या गावी आणलं. काळ्या मातीचं गाव. पावसाळ्यात ती माती पायाला धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांत हात जातो. त्या मातीत मी वर्षानुवर्षं राबलो. नांगरटी केली, पेरण्या केल्या, कापसाने भरलेल्या ट्रॉल्या जिनिंगवर नेल्या. ट्रॅक्टर चालवायचा देवमन, महादेवरावांचा धाकटा भाऊ. महादेवराव बाजूच्या मडगार्डवर बसून हुकूम सोडायचे. दसऱ्याला मला धुऊन पुसून हळदकुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचे. "असा टायर आख्ख्या गावात कोनापाशी नाही," असं महादेवराव येणाऱ्या जाणाऱ्याला सांगायचे.

पुढे एकदा वावरात पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, वाळलेलं खुंट माझ्या पोटात घुसलं. ठिगळ मारलं. पुन्हा घुसलं, पुन्हा ठिगळ. शेवटी माझी कूसच फाटली. गरज सरो, वैद्य मरो. मला घरामागे उकिरड्याशेजारी फेकून दिलं. पावसाचं पाणी माझ्यात साचलं, त्यात डास झाले. आरोग्य खात्याच्या बाई टॉर्च घेऊन आल्या आणि महादेवरावांना रागावून गेल्या. महादेवरावांनी तो राग मला लाथ मारून काढला. इतकी वर्षं ज्याच्यावर घर चाललं त्याला लाथ. असो.

मी पडलो होतो तिथे मागच्या खोलीची भिंत होती. त्या भिंतीतून दिवसभर टक टक असा आवाज यायचा. कुणीतरी खिळा ठोकतंय आणि त्याला तो नीट ठोकता येत नाही, असं मला वाटायचं. नंतर कळलं, ते आचलचं डोकं होतं.

आचल म्हणजे देवमन आणि रागिणीची मुलगी. तेव्हा सहा वर्षांची. तिला जन्मापासून दिसत नाही. पाय तिला पेलत नाहीत, त्यामुळे ती बसल्या बसल्या हातांवर सरकत चालते. शब्द बोलत नाही, नुसती गुणगुणते. तिला सकाळी त्या खोलीतल्या बाजेवर बसवायचे आणि संध्याकाळी झोपवायचे. हाताला काही नाही, नाकाला काही नाही. मग ती भिंतीवर डोकं आपटायची. तुम्हाला एखाद्या रिकाम्या खोलीत दिवसभर डोळे बांधून बसवलं तर तुम्ही काय वेगळं कराल?

तालुक्याच्या गावी एक शिबिर झालं. तिथल्या बाईंनी रागिणीला सांगितलं, "तिच्या हाताला, नाकाला, कानाला काम द्या. आपटणं आपोआप कमी होईल." रागिणीचं माहेर चांदूर बाजारकडचं. तिचे वडील नत्थुजी भाजीपाल्याची रोपं तयार करून विकतात. त्यामुळे काम म्हटल्यावर तिला खेळणी सुचली नाहीत, झाडं सुचली. विकत काही आणायचं नव्हतं. घरामागे काय काय पडलंय ते तिने पाहिलं. फाटकी पोती, विटांचे तुकडे, तडा गेलेलं मडकं आणि मी.

पुरुष वावरात गेल्यावर रागिणीने आणि महादेवरावांच्या मुलीने, अपेक्षाने, मला ढकलत समोरच्या अंगणात आणलं आणि आडवं टाकलं. मागे उकिरडा होता, ऊनही नव्हतं, म्हणून समोर. आचलला माझ्याशेजारी बसवलं तर मी बरोबर तिच्या छातीला लागायचो. मला आडवं पडणं अपमानाचं वाटलं. उभा राहून ज्याने ट्रॉल्या ओढल्या त्याला कुंडी करून टाकलं होतं.

मित्रांनो, आता इथे या घरातली एक रीत सांगायला हवी. नवऱ्याचा मोठा भाऊ म्हणजे भासरा. त्याच्यापुढे सून बोलत नाही. डोक्यावर पदर घेऊन तोंड फिरवते. भासराही सुनेशी बोलत नाही. पण एका घरात राहून न बोलता भागतं थोडंच? मग दोघंही तिसऱ्यालाच उद्देशून बोलतात. लेकी बोले सुने लागे, तसं. आधी हे बोलणं गोठ्यातल्या गाईला ऐकावं लागायचं. मी अंगणात आलो आणि गाय सुटली.

त्या संध्याकाळी महादेवराव माझ्यासमोर उभे राहिले. "काहून बे टायरा, तू समोरच्या अंगनात कसा आला? तुले कोनं परवानगी देली?"

दारातून रागिणी म्हणाली, "टायरा, सांगून दे बाप्पा. पोरीसाठी आनलं तुले. कोनाच्या वावरातून नाही, उकिरड्यातून आनलं."

"टायरा, हे घर आहे. सर्कस नाही."

"टायरा, घर आहे म्हनूनच आनलं."

मी काय बोलणार? दोघांचा राग मुकाट्याने गिळला. पुढे दोन वर्षं हेच चाललं. त्या घरात जेवढं विष ओकलं गेलं, ते सगळं माझ्या अंगावर.

देवमनचा स्वभाव भावाच्या शब्दाबाहेर न जाण्याचा. पण लेकीसाठी त्यालाही काही करावंसं वाटलं. त्याने आपल्या सगळ्यात चांगल्या वावरातली काळीभोर माती आणली आणि मला काठोकाठ भरलं. त्या माणसाला त्याहून मोठी भेट सुचणं शक्यच नव्हतं. या लोकांना आपल्या काळ्या मातीचा एवढा अभिमान, की ती कुंडीत चालत नाही हे सांगणाऱ्याला ते वेड्यात काढतील. रागिणीने त्यात गवती चहा, पुदिना आणि लाजाळू लावली. आचल माझ्या काठावर हात टेकून बसायची, पानं चुरगळायची आणि बोटं नाकाशी न्यायची. टक टक थांबली.

मग पाऊस लागला. वावरात पाण्याला खाली जायला वाट असते, माझ्यात नव्हती. मातीचा चिखल झाला, मुळं गुदमरली. पाऊस ओसरला तशी तीच माती दगड झाली आणि माझ्या काठापासून फाटली. झाडं एकेक करून काळी पडली.

महादेवरावांची बायको माणिकबाई सूप घेऊन ओट्यावर बसायची. ती म्हणाली, "टायरा, पायलं ना? ही पोट्टी हात लावते ते मरते. असते एखाद्याचा हात तसा."

एवढंच बोलली, पण बोलली ओट्यावरून आणि मोठ्याने. असं वाक्य गल्लीत फिरायला वेळ लागत नाही. पुढच्याच आठवड्यात शेजारच्या पार्वताबाई पालक विकायला आल्या. आचलने वासावरून पाटीकडे हात नेला आणि पार्वताबाईंनी पाटी झटकन मागे ओढली. आचलचा हात हवेतच राहिला. मी टायर आहे, मला काळीज नाही. तरी तो हात मला आजही दिसतो. रागिणीने पोरीला उचलून मागच्या खोलीत नेलं. दुसऱ्या दिवशी टक टक पुन्हा सुरू झाली.

चार दिवस रागिणी अंगणात फिरकलीच नाही. मग सब्बल, म्हणजे पहार, घेऊन आली आणि माझ्यातली माती फोडायला लागली. खालून कुजकी मुळं निघाली. तिने ती हातात धरून हुंगली. संध्याकाळी देवमनला दाखवली.

"पोरीचा हात नाही, तुमची माती आहे ही. कोंदली. हिच्यात रेती पायजे, कुटार पायजे."

"काळ्या मातीत रेती?" देवमन इकडे तिकडे बघत म्हणाला. "भाऊ घरात ठेवन का?"

भाऊ ओट्यावरच होते. ते उठून माझ्यापाशी आले. "टायरा, ज्या मातीनं आपलं घर उभं केलं तिच्यात रेती मिसळाची म्हनजे दुधात पानी टाकाची गोष्ट आहे. जो टाकन त्याले मी मानूस म्हननार नाही."

"नका म्हनू," रागिणी मला म्हणाली. "टायरा, झाड जगलं म्हनजे झालं."

नाल्यातून तिने घमेल्याने रेती आणली. बुडाशी विटांचे तुकडे टाकले, मग रेती, कुटार म्हणजे भुसा, जुनं शेणखत आणि थोडी माती मिसळून भरली. तडा गेलेलं मडकं मधोमध गळ्यापर्यंत पुरलं. त्यात डाळ तांदूळ धुतलेलं पाणी ओतायचं, ते तड्यातून आपलं झिरपत राहायचं. रोज पाणी द्यायची कटकटच नाही. पुन्हा गवती चहा, पुदिना आणि लाजाळू. शिवाय जाड लवदार पानांचा पानओवा, सब्जा आणि मखमलीसारखं फूल येतं तो कोंबडा. सगळी रोपं नत्थुजींकडची, सगळी चिवट. वर बांबूला बैलांच्या जुन्या घुंगरांची माळ बांधली, म्हणजे वारा सुटला की वाजेल.

आणि एक वाट केली. मागच्या खोलीच्या दारापासून आधी पोती अंथरली, पुढे सपाट विटा, त्यापुढे रेती, आणि माझ्याजवळ आल्यावर नदीतले गोल गोटे. हाताला काय लागतंय त्यावरून आपण कुठे आहोत ते आचलला कळावं म्हणून. रागिणी तिच्यामागे बसून तिला रोज त्या वाटेने आणायची. आचल विटांवर थांबायची, रेती चाखायची आणि मधेच रुसून आडवी व्हायची. एकटी ती कधीच आली नाही.

या वेळी झाडं जगली. आचलने ती ओरबाडली, थोबाडली, तरी जगली. लाजाळू मिटली की ती तोंड उघडून हसायची. मला मात्र तिचा त्रासच व्हायचा. ती मला चाटायची. माझ्यावर थुंकायची आणि ती थुंकी बोटाने पसरायची. माझ्या अंगावरच्या जाड रबरी पट्ट्यांमधून बोट फिरवत बसायची, एक झाली की दुसरी. आजवर ज्यांनी मला हात लावला त्यांनी हवा आहे का तेवढंच बघितलं होतं. मी कसा आहे हे बघायला लागलेलं पहिलं माणूस तीच. हे कबूल करायला मला आवडत नाही, पण खरं आहे ते खरं आहे.

माणिकबाईंनी आपलं वाक्य मागे घेतलं नाही. झाडं जगली तरी नाही.

मग अपेक्षाला बघायला धामणगाव रेल्वे या गावाहून पाहुणे येणार असं ठरलं. महादेवराव आदल्या दिवशी माझ्यासमोर उभे राहिले.

"टायरा, उद्या अंगन साफ पायजे. पाहुन्याइनं येऊन पायलं तर काय म्हनतीन? तुले नाल्यात नेऊन टाकतो. आन ज्याले मागच्या खोलीत ठेवाचं त्याले मागच्या खोलीत ठेवा."

रागिणी पदर ओढून दारातून म्हणाली, "टायरा, पोरगी काय कचरा आहे का, पाहुने आले का झाकून ठेवाले?"

"टायरा, माह्या पोरीचं लग्न मोडलं तर ते कोन जमवून देईन?"

त्यांच्या बोलण्यात बापाची भीती होती हे मलाही कळत होतं. पण भ्यालेला माणूस दुबळ्यावरच हात टाकतो, आणि त्या अंगणात माझ्याहून नि आचलहून दुबळं कुणी नव्हतं.

सकाळी रागिणीला चुलीपाशी जुंपलं. माणिकबाईंनी आचलला मागच्या खोलीत नेऊन बसवलं आणि अपेक्षाला सांगितलं, "बाहेरून कडी लाव." अपेक्षा नवी साडी सावरत तिथे गेली. कडी तिने लावली नाही. त्या घरात तेवढं करायलाही धीर लागत होता.

महादेवरावांनी देवमनला ट्रॅक्टर आणायला सांगितला. तोच ट्रॅक्टर, माझ्या जागी नवा टायर बसवलेला. देवमनने खाली मान घालून साखळी माझ्या अंगाभोवती गुंडाळली. साखळी झाडांवर पडली, पुदिना आणि गवती चहा चेंगरला. सगळ्या अंगणात वास सुटला. देवमन सीटवर चढला, त्याने इंजिन चालू केलं.

तेवढ्यात मागच्या खोलीच्या दारात आचल दिसली.

ती एकटी होती. नाक वर करून तिने वास घेतला आणि पोत्यावर हात टाकला. मग विटा. विटांवर ती नेहमीसारखी थांबली नाही. रेतीवर आल्यावर तिची दिशा चुकली, ती पाण्याच्या हौदाकडे सरकायला लागली. माझा जीव टांगणीला लागला. हाताला उघडी जमीन लागली तशी ती थबकली. डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं, पुन्हा रेती सापडली. मग गोटे. मग मी. तिने माझ्या पट्ट्यांमध्ये बोटं रोवली, पोटावर भार देऊन काठ ओलांडला आणि माझ्यात येऊन बसली. साखळी तिच्या मांडीखाली आली होती. मोडलेला गवती चहा मुठीत धरून ती इंजिनाच्या सुरात गुणगुणायला लागली.

देवमन मान वळवून बघत होता. महादेवराव म्हणाले, "उचला तिले कोनी. टायरा, तुले आज..."

"भाऊजी."

रागिणी स्वयंपाकघरातून आली होती. हात पिठाचे, पदर खांद्यावर. तो तिने डोक्यावर घेतला नाही.

"टायराशी नका बोलू. माह्याशी बोला."

ओट्यावर माणिकबाईंनी तोंडाला पदर लावला.

"पोरगी एकटी आली. आठ वर्षांत पयल्यांदा. तुमी पायलं, मी पायलं. आता माह्याकडे पाहून सांगा, हे ओढून फेकाचं का नाही."

महादेवरावांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांचे डोळे माझ्यावर आले, तिथून हौदाकडे गेले, मग ते देवमनवर खेकसले, "ओढ म्हनलं ना तुले."

देवमनने इंजिन बंद केलं. खाली उतरला, किल्ली मडगार्डवर ठेवली. "तुमी ओढा, भाऊ. मी नाही ओढत."

महादेवराव स्वतः सीटवर चढले. किल्ली घेतली, खोचली आणि मागे वळून बघितलं. आचल अजून गुणगुणत होती. इंजिन थांबलं तरी तिने त्याचा सूर सोडला नव्हता. मग किल्ली काढून ते खाली उतरले. "पाहुने यायची वेळ झाली म्हनून," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. मित्रांनो, त्यांना दया आली असं मी म्हणणार नाही. मी त्यांना माफही केलेलं नाही.

पाहुणे आले, पोहे खाल्ले, आणि आठवड्याने नकार कळवला. त्यांना मुलगी उंच हवी होती. अपेक्षाने बापाला स्पष्ट सांगितलं, "बाबा, नकार माह्या उंचीवरून आला. आचलवरून नाही." पण घराला खापर फोडायला डोकं हवं होतं. ते आचलचं निघालं.

चुली वेगळ्या झाल्या. देवमन आता दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतो, उशिरा येतो आणि थकलेला असतो. रागिणीशी त्या घरातलं कुणी बोलत नाही, आता टायरामार्फतसुद्धा नाही. महादेवरावांनी अंगणाच्या मधोमध पत्र्याचं कुंपण ठोकलं. पुढच्या पाहुण्यांना मी दिसू नये, आचल दिसू नये, यासाठी. पत्रा माझ्या अगदी काठाला लागून आहे. सकाळचं ऊन आता मला उशिरा मिळतं. पत्र्याखालच्या फटीतून कधी कधी बांगड्यांचा एक हात येतो आणि माझ्यातला गवती चहा तोडून नेतो. तो हात माणिकबाईंचा आहे. पोरीच्या हातानं मरणारी झाडं चहात बरी चालतात.

पण पत्रा ठोकला त्याच दिवशी आचलच्या हाताला तो लागला. तिने त्यावर तळवा आपटला. पत्रा घणघणला. ती दचकली, मग पुन्हा आपटला. मुठीने वेगळा वाजतो, नखाने वेगळा, आणि पाऊस पडायला लागला की ती कान लावून बसते. तिला झाकायला आणलेल्या वस्तूएवढी मोठी वस्तू तिला आजवर कुणी दिली नव्हती. पलीकडून माणिकबाई ओरडते, "बंद कर व ते डफडं." आचल थांबते, ऐकते आणि पुन्हा वाजवते. आई सोडली तर तिच्याशी इतकं नियमित बोलणारं दुसरं कुणी नाही.

मित्रांनो, जुना टायर जाळू नका, त्यात माती भरा, मातीत रेती घाला, हे सगळं करालच. पण माझी विनवणी वेगळी आहे. तुमच्याही गल्लीत अशी एखादी खोली असेल, असा एखादा पत्रा असेल. तिथून जाताना पाय उचलून पळू नका आणि आईच्या कानात बिचारी म्हणू नका, आत बसलेल्या मुलीला सगळं ऐकू येतं. पत्र्यावर बाहेरून हाताने एक थाप मारा आणि जरा थांबा. आतून उत्तर येतं.